घरी काय खाता?

दामूभाऊ म्हात्रे यांना कुणी नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करायचे नाहीत. विचारायचे, "घरी काय खाता?"

समोरचा माणूस बहुतेक वेळा आमच्या नर्सिंग होमच्या खाटेवर नुकताच येऊन पडलेला असायचा. कुणाला ताप, कुणाचं हाड मोडलेलं, कुणाच्या पोटात कळा. त्याला वाटायचं, हे जेवणाची चौकशी करतायत. तो बापडा सांगायला लागायचा, "सकाळी भाकरी, दुपारी भात, आठवड्यातून दोनदा बोंबील..."

"बोंबील राहू दे. गोळ्या कोनत्या खाता?"

"गोळ्या काही नाही."

"काहीच नाय?"

"काहीच नाही."

"मंग पिशवी उलटी करा."

पिशवी उलटी झाली की चादरीवर कंगवा, टॉवेल, देवाचा फोटो, बिस्किटांचा पुडा असं सगळं पडायचं आणि त्याबरोबर हमखास दोन-तीन अर्धवट कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. "ह्या होय! ह्या तर रोजच्या," पेशंट म्हणायचा. आपण रोज जे घेतो ते औषध असतं, असं त्याला वाटतच नसे.

नालासोपाऱ्यात तुळिंजच्या बाजारात, साड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं वीस खाटांचं नर्सिंग होम होतं. मी सांगलीकडची. नर्सिंगचा कोर्स संपवून मामाकडे आले आणि तिथे लागले. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. दामूभाऊ साठीच्या आसपास. जिन्याखाली कपाटाएवढी जागा होती, ते त्यांचं औषधांचं दुकान. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि दामूभाऊ औषध काढून देत. त्यांचं काम तेवढंच. खाटांवरून फिरून पिशव्या उलट्या करा, असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

ते राजोडीहून यायचे. घरची वाडी भाऊ बघायचा, हे एकटे मागच्या खोलीत राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन. चष्म्याची काडी तुटली होती, तिथे त्यांनी बँडेजची पट्टी गुंडाळली होती.

खालच्या दुकानातून ते साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे मागून आणत. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पुठ्ठा बांधत आणि त्यावर त्या पेशंटची घरची औषधं लिहीत. साधी औषधं निळ्या शाईत. काही मात्र लाल. फिटची गोळी, स्टिरॉइड, दुसऱ्याची किडनी बसवलेल्याची औषधं, असली लाल. "ही एक दिवस चुकली तरी मानूस जातो," ते सांगायचे, "आनि एक दिवस जास्त झाली तरी जातो. यांच्याशी गंमत नाय."

मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे आमच्या मालकांना, ते पुठ्ठे अजिबात आवडत नसत. "म्हात्रे, हा दवाखाना आहे. भावफलक कसले लावता?" मग डॉक्टर राऊंडला येताना दिसले की दामूभाऊ सगळे पुठ्ठे उलटे फिरवायचे. तेव्हा वीसही खाटांच्या पायथ्याशी जरीच्या साड्या नेसलेल्या बायका हसत उभ्या राहायच्या, कारण पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूला दुकानाची जाहिरात होती. डॉक्टर गेले की बायका पुन्हा आत वळायच्या.

एकदा एक म्हातारी मासेवाली चक्कर येऊन दाखल झाली. तिची औषधं मिशेरीच्या डब्यात. दामूभाऊंनी ती चादरीवर ओळीने मांडली आणि एकेक उचलून विचारलं, ही कुणाची?

"ती इथल्या सायबाची."

"आनि ही?"

"मुंबईच्या सायबाची."

"ही?"

"ती जावयाची."

"जावयाची तू का खातेस?"

"त्याला बरं वाटलं त्यानं."

इथल्या साहेबांची, मुंबईच्या साहेबांची आणि जावयाची, तिन्ही गोळ्या ब्लड प्रेशरच्याच होत्या, तीन नावांच्या. म्हातारीला चक्कर आली नसती तरच नवल.

दुसरा एक हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला, नुकतंच लग्न झालेला माणूस. पिशवीत काही नाही, विचारलं तरी काही नाही. दामूभाऊ थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्याच्या बायकोला म्हणाले, "बाय, खाली जाऊन चहा सांगून येशील?" ती गेल्यावर त्याने बुटातून कॅमेऱ्याच्या रोळाची काळी डबी काढली. आत फिटच्या गोळ्या. बायकोला कळू नये म्हणून दाखल झाल्यापासून दोन दिवस घेतल्या नव्हत्या. दामूभाऊंनी त्याला तिथेच गोळी दिली, डॉक्टरांना सांगून ऑपरेशन पुढे ढकललं आणि त्याचा पुठ्ठा लिहिलाच नाही. बायको चहा घेऊन आली तेव्हा ते तिला विचारत होते, "तुमचं माहेर कुठचं?"

पण हे सगळीकडे चालायचं नाही. आमच्या एका आयाच्या मुलीच्या लग्नात पंगत बसली होती. नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या पानात जिलबी होती आणि पायांवर सूज. दामूभाऊ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि विचारलं, "घरी काय खाता?" त्या गृहस्थांना वाटलं, मुलीकडचे आपलं खाणं काढतायत. ते पानावरून उठले. त्यांना परत बसवेपर्यंत मुलीची आई रडून अर्धी झाली.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, एवढं कशाला करता? ते म्हणाले, "मानूस इथं एक दुखनं घेऊन येतो. बाकीची दुखनी काय घरी ठेवून येतो? ती पन त्याच्याबरोबर खाटेवर झोपतात. डॉक्टर बघतो ते एकच."

तिथे लागून मला दीड वर्ष झालं होतं, तेव्हा दामूभाऊंच्या पुतणीचं लग्न निघालं. त्यांनी सहा दिवसांची रजा मागितली. आजवर त्यांनी एवढी रजा कधी घेतली नव्हती, त्यामुळे डॉक्टरांनाही नाही म्हणता आलं नाही. जाताना ते माझ्याकडे आले.

"बाय, सहा दिवस तू विचारशील ना?"

"विचारीन की, दामूभाऊ."

"फक्त विचारून सोडू नको. पिशवी बघ. आनि मानूस काय सांगतो ते ऐकून घे."

मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी मी दोन पिशव्या उलट्या केल्यासुद्धा. दुसऱ्या दिवसापासून तापाची साथ इतकी वाढली की पॅसेजमध्ये गाद्या घालाव्या लागल्या. वीस खाटा, तीस पेशंट आणि दिवसपाळीला मी आणि एक आया. मी विचारणं सोडून दिलं.

त्याच दुसऱ्या दिवशी सुलभाताई सावंत दाखल झाल्या. विरारला चंदनसारला राहायच्या. वय चौसष्ट. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. बरोबर त्यांचे यजमान, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, शांत, हातात कापडी पिशवी. अंगात तापही होता, तो ऑपरेशनच्या आधी उतरायला हवा होता, म्हणून त्यांना ठेवून घेतलं. ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, इतर काही औषधं? सावंत म्हणाले, "संधिवाताच्या तीन पिवळ्या गोळ्या घेते." त्यांनी पिशवीतून पट्टी काढून दाखवली. डॉक्टरने नाव उतरवलं, पुढे लिहिलं, तीन गोळ्या, रोज एकदा. खोटं कुणी बोललं नव्हतं. किती दिवसांनी घेता, हे कुणी विचारलं नाही आणि सावंतांनी सांगितलं नाही.

त्या बारीक पिवळ्या गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. दामूभाऊंच्या पुठ्ठ्यावर त्या लाल शाईत आल्या असत्या.

दाखल झाल्या त्या दिवशी मी गोळ्या दिल्या, त्यांनी घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तळहातावरच्या गोळ्यांकडे बघितलं.

"सिस्टर, ह्या मी गुरुवारच्या गुरुवारी घेते हो. काल घेतल्या की."

मागे सलाइन संपल्याची हाक येत होती. पॅसेजमध्ये कुणी तरी ओकत होतं.

"डॉक्टरांनी रोज लिहिल्यात, मावशी," मी म्हटलं. "इथे असेपर्यंत रोजच घ्यायच्या."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि पाण्याबरोबर गिळल्या. नंतर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पट्टी संपली तेव्हा जिन्याखालच्या दुकानातून नवीन पट्टी आली. दामूभाऊंच्या जागी डॉक्टरांचे मेहुणे बसले होते. चिठ्ठीत होतं ते त्यांनी दिलं.

दाखल झाल्यापासून पाचव्या दिवशी सुलभाताईंच्या तोंडात फोड आले. पाणीसुद्धा जाईना. उष्णता असेल म्हणून मी ग्लिसरीन लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रजा संपवून, दामूभाऊ परत आले. हाताला अजून हळदीचा पिवळेपणा होता, लग्नाचे लाडू घेऊन आले होते. ते दुकानात न जाता आधी वर आले आणि खाटांवरून फिरायला लागले. पुठ्ठे कोरे बघून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेले. सुलभाताईंच्या खाटेशी त्यांनी कागद उघडला. त्यावर पाच दिवसांच्या पाच चौकोनांत माझी सही होती.

"हे तू देतेस?"

"हो."

त्यांनी सुलभाताईंना तोंड उघडायला सांगितलं. बघितलं. त्यांच्या दंडावरचे काळे-निळे डाग बघितले. मग कागद हळूच मिटला, लाडूंचा डबा खिडकीत ठेवला आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. बाहेर ऐकू आलं ते एवढंच, "साहेब, आठवड्याची गोळी रोज गेली. पाच दिवस."

तासाभरात सुलभाताईंना मुंबईला हलवलं. त्या गोळीवर उतारा म्हणून एक इंजेक्शन असतं. आमच्या भागात ते कुठेच नव्हतं. दामूभाऊ परळला गेले, ते मिळवलं आणि मुंबईच्या हॉस्पिटलात नेऊन दिलं. पण अंगात रक्त तयार होणंच थांबलं होतं. सुलभाताई आठ दिवस जगल्या.

बातमी आली त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "वय होतं. जंतुसंसर्ग झाला. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं. कागद माझ्याकडे राहतील." माझ्याकडे बघून म्हणाले, "घाबरू नका. तुम्ही फक्त लिहिलेलं दिलंत." मला सुटल्यासारखं वाटलं. ते आठवलं की आजही माझी मलाच किळस येते.

पंधरा दिवसांनी सावंत आमच्याकडचे काही कागद न्यायला आले. डोक्याचे केस काढलेले, पुन्हा बारीक पांढरे उगवत होते. डॉक्टरांनी त्यांना जंतुसंसर्ग समजावून सांगितला. ते मान हलवत राहिले. जाताना माझ्यासमोर थांबले आणि त्यांनी हात जोडले.

"तुम्ही तिचं फार केलंत, सिस्टर."

मीही हात जोडले. जिन्याच्या तोंडाशी दामूभाऊ उभे होते. सावंत जिना उतरून गेले आणि दामूभाऊ चष्मा खिशात घालून त्यांच्या मागे गेले.

मी खिडकीतून बघितलं. भाजीवाल्यांच्या गर्दीत दोघं समोरासमोर उभे होते. दामूभाऊ बोलत होते, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. सावंतांनी मध्येच एका लावलेल्या स्कूटरचा आधार घेतला. मग ते फुटपाथच्या कडेला खाली बसले. दामूभाऊ उभेच राहिले. सावंत त्यांना मारतील असं मला वाटलं. ते खूप वेळ नुसते बसून होते.

दामूभाऊंना त्याच दिवशी काढून टाकलं. डॉक्टर ओरडत होते, दामूभाऊ कपाटाच्या किल्ल्या जुडग्यातून एकेक काढून टेबलावर ठेवत होते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "दुकानातून चुकून गेली असं सांगितलंय मी सावंतांना. लिहून पन दिलंय. बघनं माझं काम होतं, मी इथं नव्हतो. तू त्यात कुठंच नाय. तू आता तोंड उघडायचं नाय. लग्न ठरलंय ना तुझं?"

"पण दामूभाऊ, त्या मला म्हणाल्या होत्या..."

"काय म्हनाल्या ते मना सांगू नको," ते म्हणाले. "मना नको सांगू." आणि जिना उतरून गेले.

मी तोंड उघडलं नाही. तेवढं मला छान जमलं. लग्न झालं, मी दुसऱ्या हॉस्पिटलात लागले, मुलगी झाली. सावंतांनी तक्रार केली नाही, हे कानावर आलं. दामूभाऊंना कुठल्या औषधाच्या दुकानात पुन्हा काम मिळालं नाही, हेही आलं. नव्या हॉस्पिटलात मी प्रत्येक पेशंटला दोन-दोनदा विचारायची. तिथल्या मुली मला हसायच्या. पण त्याने काही फिटत नव्हतं. पाण्याचा घोट घेणाऱ्या सुलभाताई डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या.

चार वर्षांनी एका सोमवारी मी सुट्टी काढली आणि चंदनसारला गेले. सावंतांचं घर दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी मला लगेच ओळखलं. बसा म्हणाले. मी बसलेच नाही, उभ्यानेच सांगून टाकलं. गोळ्या मी दिल्या. ताई मला म्हणाल्या होत्या की गुरुवारी घेते. मी ऐकलं नाही. दामूभाऊंची काही चूक नव्हती.

सावंत खिडकीकडे बघत होते.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी..."

"तिनेच. त्याच दिवशी, मी डबा घेऊन आलो तेव्हा. म्हणाली, अहो, सिस्टर म्हणतात रोज घ्यायची. मी काय म्हटलं असेन?" ते थांबले. "मी म्हटलं, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. घे मुकाट्याने. चौतीस वर्षांत तिने माझं एवढं एकच निमूट ऐकलं असेल."

मी खुर्चीवर बसले.

"म्हात्र्यांना हे सांगितलंत?"

"नाही सांगितलं. त्या दिवशी रस्त्यात ते सगळं स्वतःवर घेत होते, मला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही. आणि मलाही ते बरं वाटलं. दुसऱ्या कुणाची तरी चूक आहे म्हटल्यावर झोप लागते थोडी." त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या सोमवारी ते दारात उभे. मी दार लावून घेतलं. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी मी आत घेतलं. तेव्हापासून येतात. वाडीतलं काही तरी आणतात, माझी साखरेची औषधं आठवड्याची लावून देतात. आम्ही फार बोलत नाही. मध्ये ते आजारी होते, तीन सोमवार आले नाहीत. तर मी विचारत विचारत राजोडीला गेलो. खोलीत एकटेच पडले होते. भाऊ गेल्यापासून घरातलं कुणी मागे फिरकत नाही."

बेल वाजली. दारात दामूभाऊ होते. फार वाळले होते. हातात केळीच्या पानात गुंडाळलेली अळूची जुडी. त्यांनी मला बघितलं, मग सावंतांना बघितलं, मग माझे डोळे बघितले. त्यांना सगळं कळलं. त्यांनी जुडी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "चल बाय, तुला रिक्षापर्यंत सोडतो."

"बसा हो म्हात्रे, चहा टाकतोय," सावंत म्हणाले. पण ते बाहेर निघालेही होते.

जिना उतरताना ते पुढेच राहिले, मागे वळून बघितलं नाही. मला वाटलं, रागावले. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. खाली, इमारतीच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी वर, दुसऱ्या मजल्याकडे एकदा बघितलं.

"सांगून टाकलंस."

"हो."

"बरं केलंस. हलकी झालीस." ते चपलेने जमिनीवरची खडी सरकवत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "पन आता मी कुठल्या तोंडानं येऊ? माझी चूक म्हनून मना येऊ देत होते ते. आता ती पन नाय राहिली. मना कोन बोलावनार, बाय?"

हा माणूस रडताना कसा दिसतो, हे आजवर कुणी बघितलं नसावं. मी बघितलं. सावंतांना हे पहिल्यापासून माहीत होतं, एवढं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगणं सावंतांचं होतं.

वरून गॅलरीतून आवाज आला.

"म्हात्रे! किती वेळ? दोन कप ओतलेत मी. वर या, मला तुमच्याशी बोलायचंय."

दामूभाऊंनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. मला रिक्षात बसवायचं ते साफ विसरले आणि कठड्याला धरून, जमेल तेवढ्या घाईने, जिना चढायला लागले.